पोस्टरवर एकच ओळ मावते

पोरगा आला कमाटीबागेसमोरच्या छापखान्यातून,
हातात आमचा पिवळा पडलेला फोटो.
"काका, वर एकच ओळ मावते.
सत्तरच्या दशकाचा बँड लिहू, की ऐंशीच्या?"

मी म्हटलं, बैस. चहा घे.
बेस वाजवणाऱ्याला पन्नास वर्षांत
पहिल्यांदाच कुणी काही विचारत होतं.

फोटोत आम्ही चौघं, प्रतापनगर यार्डात,
डभोईच्या छोट्या गाडीच्या इंजिनाला टेकून.
बँडचं नावही तिचंच: नॅरो गेज.
ऑस्टिन मॅकवानची पँट खाली इतकी रुंद
की एकेका पायात एकेक ड्रमर मावावा.
केस खांद्यापर्यंत.
केस होते, हे महत्त्वाचं.

ऑस्टिनला विचारशील तर तो सत्तरच सांगेल.
तेव्हा त्याला वरचा सा न खाकरता लागायचा
आणि फतेगंजात, चर्चमागच्या हॉलमध्ये,
तिसऱ्या रांगेत ग्लोरिया बसायची.
माणूस आपलं दशक गाण्यावरून ठरवत नाही,
तिसऱ्या रांगेवरून ठरवतो.

केरसी दुबाश ऐंशी म्हणेल, आणि भांडेल.
त्याच्यापाशी पुरावा आहे. एक कॅसेट,
दोन्ही बाजू मिळून सहा गाणी,
छापल्या सातशे, त्यातल्या साडेतीनशे
अजून त्याच्या पलंगाखाली.
"रेकॉर्ड झालं तेवढं खरं, बाकी हवा."

नव्वदचं आम्ही बोलत नाही.
नऊ रात्री, भाड्याचे झब्बे,
ढोलांच्या मागे उभं राहून गरब्याला गिटार.
केरसीनं फेटा भुवयांपर्यंत ओढलेला, कुणी ओळखू नये म्हणून.
एका रात्री त्यानं दोन आवर्तनांत
आमचा जुना सोलो गुपचूप घुसवला
आणि चार हजार माणसं त्यावर टाळी देऊन वळली.
एक मुलगी तेवढी थांबली. "अंकल, आ शुं वगाड्युं?"
आमच्या स्वतःच्या नावावर
चारशेसुद्धा कधी आले नव्हते.
त्या पैशांत माझ्याकडे फ्रीज आला. अजून चालतो.

आता सांगतो ते छापू नकोस.

मधे एक काळ गेला, त्याला दशक म्हणता येत नाही,
एकाच्या शेपटापासून दुसऱ्याच्या पोटापर्यंत.
हैबत शिर्केच्या वडिलांचं एक अंग गेलं.
दांडिया बाजारातली दोन खोल्यांची जागा,
आवाज झाला की म्हातारा थरथरायचा.
पण गुरुवार सोडायचा नाही, असं ठरलेलं.
हैबत खताच्या कारखान्यातून पहिली पाळी संपवून यायचा,
गोधडीच्या घड्या मांडायचा, त्यांवर काठ्या.
केरसीची गिटार वायरीविना.
ऑस्टिन नुसते ओठ हलवायचा.
आणि माझा बेस, तो तर एरवीही
ऐकू येतो कुणाला? छातीच्या हाडाला कळायचा, तेवढंच.
आठ वर्षं.
ना कार्यक्रम, ना कॅसेट, ना तिसरी रांग.
एकदा चौघंही एकाच जागी थांबलो,
न वाजलेल्या समेवर,
आणि आतल्या खोलीतून पलंगाच्या लोखंडावर
वाटीचे ठोके आले.
आम्हाला वाटलं, म्हाताऱ्यानं ताल धरला.
त्यांना पाणी हवं होतं.
"पण मागितलं ठोक्यातच," हैबत मरेपर्यंत सांगायचा.

"मग काय लिहू?" पोरग्याचा चहा गार झालेला.
लिही: गुरुवारचा बँड.
"काका, गुरुवार म्हणजे दशक नाही."

पोस्टर लागलं. सत्तरच छापलंय,
ती पँट फार मोठी दिसते म्हणून.
हैबतच्या जागी आता त्याची भाची वाजवते, जुईली.
ती जन्मली तेव्हा माझा फ्रीज जुना झाला होता.
पोस्टर बघून म्हणाली, "ह्यात मी कुठंय?"
आणि गोधडीवर नाही, खऱ्या कातड्यावर
इतक्या जोरात काठी मारली
की खालचा औषधवाला वर आला.

वार विचारू नकोस.